खाडीकाठच्या जमिनीवर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा दाखवून देणारी सेवा: अनुभव आणि हिशेब

१८,००० रुपयांत आम्हाला एक मोठा रंगीत नकाशा, चार पानी टिपण, मोबाईलवर उघडणारी एक फाइल आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या सखल जमिनीतल्या, चिखलात गुडघाभर उतरायला तयार असलेली दोन तरुण मुलं मिळाली. पैसे वसूल झाले का? झाले. मात्र ज्या कामासाठी मोजले होते ते काम काही झालं नाही, आणि ते होणार नाही हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

आधी सेवा काय ते सांगते. तुमचा सातबारा, आठ-अ आणि मोजणीची क प्रत ही मंडळी मागून घेतात. मग जागेवर येऊन रोव्हर नावाच्या यंत्रानं हद्दीचे कोपरे घेतात, आणि सरकारनं मंजूर केलेल्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर तुमचा सर्व्हे नंबर नेमका बसवून देतात. कुठला तुकडा सीआरझेडमध्ये, कुठला ना-विकास क्षेत्रात (जिथे नवं बांधकाम चालत नाही), कुठला मोकळा, ते रंगात दिसतं. कोकणात आता बऱ्याच ठिकाणी अशी छोटी ऑफिसं निघाली आहेत. आमच्या मंडळींचं नाव मी देत नाही. नाव दिलं की लोक तेवढंच वाचतात आणि काय विचारायचं ते सोडून देतात.

आमची जमीन सिंधुदुर्गात, एका खाडीच्या काठी. सासऱ्यांच्या नावावरची, अजून सामायिक. खाली खाजण, मध्ये जांभ्याचं चौसोपी घर, मागे चढावर काजू. आम्ही डोंबिवलीकर. मी बँकेतून निवृत्त झाले, पण कागद वाचायची सवय सुटली नाही. गावी धाकटे दीर आणि त्यांचा मुलगा. पुतण्याला न्याहारी-निवास सुरू करायचं होतं, आणि चार खोल्या खाजणाच्या बाजूला हव्या होत्या. पर्यटकाला खिडकीतून खाडी दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याच्या जागी मी असते तर मलाही तिथेच हव्या असत्या.

गावात ज्याला विचारावं त्याचा आकडा वेगळा. कोणी ५०० मीटर सांगे, कोणी २००, ग्रामपंचायतीतले एक जुने सदस्य छातीठोकपणे १०० म्हणत, आणि पुतण्याच्या मोबाईलवर आलेल्या मेसेजात ५०. गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या सालातला किंवा आपापल्या किनाऱ्याचा आकडा सांगत होता.

हे मला त्या टिपणाच्या दुसऱ्या पानावर समजलं, आणि माझ्या मते सगळ्या कामात तेच पान सगळ्यात मोलाचं आहे. त्यात आमच्या घराची कुंडली मांडली होती. घराच्या पडवीपासून खारबांधापर्यंतचं, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधापर्यंतचं, अंतर ६८ मीटर. खाडी तिथे दीडशे मीटरच्या वर रुंद. आता हे घर एक तसूभरही न हलता कायद्याच्या आत-बाहेर कसं झालं ते बघा.

१९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. ते पत्र होतं, कायदा नव्हता. कायद्याचं बळ आलं ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनं, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. समुद्राकाठी ५०० मीटर, आणि खाडी-नदीकाठी कमीत कमी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. आमचं घर आत. १९९४ च्या दुरुस्तीनं १०० चे ५० केले. घर बाहेर. एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कपात रद्द केली. घर पुन्हा आत. ६ जानेवारी २०११ ला जुनी अधिसूचना जाऊन नवी आली, खाडीचे १०० मीटर तसेच राहिले. घर आतच. १८ जानेवारी २०१९ ला तिसरी आली आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी ते, असं झालं. घर बाहेर.

एवढ्या वर्षांत सासूबाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांनी पडवीची कौलं बदलली तेव्हा घर आत होतं की बाहेर, देव जाणे.

शिवाय एक मेख आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०१९ ची अधिसूचना राजपत्रात आली त्या दिवसापासून लागू झाली नाही. तिच्यानुसार सुधारलेला किनारा आराखडा मंजूर होईपर्यंत जुन्या आराखड्यावर २०११ चेच नियम चालणार, असं तिच्यातच लिहिलं आहे. म्हणजे नियम आला तरी नकाशा मागून. त्या मधल्या काळात "आता ५० मीटरच" म्हणून कामं काढणारे आमच्या वाडीत होते. त्यांचे जोते अजून तसेच आहेत, त्यांवर तण माजलंय.

समुद्राच्या बाजूला ज्यांची जमीन आहे त्यांच्यासाठी २०१९ मध्ये वेगळीच तऱ्हा आहे. ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं राहत असतील तर तो सीआरझेड तीन-अ, आणि तिथे ना-विकास क्षेत्र ५० मीटरच. त्याहून विरळ वस्ती असेल तर तीन-ब, तिथे २०० मीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता त्या जनगणनेत १६३ होती. "५० मीटर झालं, ५० मीटर झालं" म्हणून टीव्हीवर जे ऐकलं ते आमच्याकडच्या समुद्रकाठाला बहुतेक लागूच नाही. दाट वस्तीला सूट आणि विरळ वस्तीला बंधन, यामागचं तर्कशास्त्र मला समजतं. पण चार घरांच्या वाडीतल्या माणसाला ते समजावून सांगायला मी जाणार नाही.

आता नकाशाकडे येते. सरकारी आराखड्याची पानं पीडीएफमध्ये मिळतात. पुतण्यानं ती उतरवून घेतली होती आणि मोबाईलवर बोटानं मोठी करकरून बघत होता. ऑफिसातल्या मुलीनं त्याला विचारलं, "दादा, हा नकाशा कुठल्या मापाचा आहे?" तो होता १:२५,०००. तिनं टेबलावरची पट्टी उचलून कागदावर ठेवली. एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. आमची सगळी ५० मीटरची पट्टी म्हणजे दोन मिलिमीटर. रेषाच अर्धा मिलिमीटर जाड असली तर तिच्या जाडीतच साडेबारा मीटर गेले, आणि आमची पडवी त्याहून अरुंद. स्क्रीनवर कितीही मोठं करा, रेषा तेवढीच जाड होत जाते, माहिती वाढत नाही. खरा उपयोग १:४,००० च्या नकाशाचा, जिथे मिलिमीटरला चार मीटर पडतात.

मापाच्या या प्रकाराची मोठी मजा अलीकडे सगळ्या राज्याची झाली आहे. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हे आम्ही शाळेत घोकलं. नव्या मोजणीत तो जवळपास ८७८ झाला, आणि देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर. समुद्र कुठे आत आला नाही की जमीन वाढली नाही. आधीची मोजणी फार ढोबळ मापाच्या नकाशावर होती, नवी बारीक मापाच्या, त्यामुळे प्रत्येक खाडीची वळणं मोजण्यात आली. आमची खाडीही त्यात कुठेतरी असणार.

जागेवर ही मुलं भरतीची वेळ बघून आली, हे मला आवडलं. पौर्णिमेनंतरचं उधाण होतं. अधिसूचनेत भरतीरेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा. मुलगा रोव्हरचा दांडा घेऊन बांधावर उभा, मुलगी टॅबवर मंजूर आराखड्याची रेषा बघत होती. आणि ती म्हणाली, रेषा बांधावर नाहीच. आराखड्यातली भरतीरेषा बांध ओलांडून खाजणात शिरली होती आणि पडवीपासून ३१ मीटरवर थांबली होती.

भाऊजी बांधावरच उभे होते. "वयनी, भरतीचा पाणी बांदापर्यंतच येता. ह्येंची रेषा बांद चडान आत इली कशी?"

त्या मुलानं उगीच सारवासारव केली नाही. तो बांधावरून थेट उघाडीकडे चालत गेला. उघाडी म्हणजे बांधातली झडपेची मोरी, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बंद होणारी. आमच्या उघाडीची फळी कित्येक वर्षांपूर्वी कुजून गेली. खाजणात भात लावायचं आम्ही कधीच सोडलं होतं, मग फळी कोण बसवतो? खारं पाणी आत-बाहेर करू लागलं. आणि पाण्याबरोबर तिवराच्या, चिपीच्या बिया आल्या. आज तिथे डोक्याच्या वर गेलेलं कांदळवन आहे, खाली चिखलातून वर आलेली बोटभर मुळं, आणि भरती ओसरली की त्यांत खेकडे.

इथे २०१९ च्या अधिसूचनेतलं एक कलम त्यांनी मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. माझ्या मते खाजण असलेल्या प्रत्येक कोकणी माणसानं ते एकदा वाचावं. बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल, तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबवायची. हे आपल्या बाजूचं. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध असा, की खारं पाणी आत शिरल्यामुळे बांधाच्या आतल्या अंगाला जे कांदळवन वाढलं असेल ते सीआरझेड एक-अ. मग ते किती का लहान असेना. एक-अ म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. त्या जागेचा दुसऱ्या कशासाठी वापर करायचा नाही.

म्हणजे बांध जुना म्हणून जमीन सुटते आणि फळी कुजली म्हणून तीच जमीन अडकते. भाऊजी यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका फळयेपायी." एवढंच.

पुतण्याचं डोकं मात्र आकडेमोडीत. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की कांदळवन १,००० चौरस मीटरहून जास्त असेल तरच भोवती ५० मीटरचा आणखी पट्टा सोडावा लागतो. हे अधिसूचनेत आहे, खरं आहे. आमचं कांदळवन रोव्हरनं फिरून घेतलं तर ११ गुंठे भरलं. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे ११ गुंठे म्हणजे हजाराच्या जरासं वर. "कडेची पाच-सहा झाडं नसती तर?" असं तो म्हणाला, अगदी सहज, जसं काही हवापाण्याबद्दल बोलतोय. मुलीनं टॅब बंद केला. म्हणाली, असं काही करणार असाल तर आम्ही आत्ता निघतो आणि ॲडव्हान्स परत करतो. आणि तसंही उपयोग नाही: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात गुंठ्यांचा हिशेबच धरलेला नाही. जमीन कोणाचीही असो, कितीही असो, कांदळवनाच्या सगळ्या बाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम नाही.

मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं पाहिली. समोरच्यानं काय करून द्यायला नकार दिला, त्यावरून मी माणूस ओळखते. या मुलीला माझ्याकडून तिथेच पाचपैकी पाच.

नकाशा हातात आला तो कबूल केलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर. त्याबद्दल पुढे बोलते. नकाशा उत्तम आहे. आमचा सर्व्हे नंबर काळ्या जाड रेषेत. दोन भरतीरेषा दाखवल्या आहेत: एक मंजूर आराखड्यातली, सलग निळी. दुसरी बांधाच्या कलमाप्रमाणे जिथे असायला हवी ती, तुटक निळी, आणि तिच्याशेजारी ठळक अक्षरात "सूचनात्मक, कायदेशीर नव्हे". दोन्हींपासून ५० मीटर, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा हिरवा पट्टा. तिन्ही एकमेकांवर चढवल्यावर दिसलं की घर आणि खालची सगळी बाजू कुठल्या ना कुठल्या रंगात येतेच. मात्र काजूचा वरचा तुकडा तिन्हींच्या बाहेर, कोरा पांढरा.

बस, आमचं भांडण तिथेच मिटलं. मी यांच्याकडे गेले होते ती आराखड्यातली रेषा खोटी ठरवायला. ते यांच्या हातात नाही. पहिल्या फोनवरच मुलानं सांगितलं होतं, "काकू, माझ्या नकाशानं तुमची रेषा हलत नाही, ती मंजूर आराखडा बदलला तरच हलते." तो रस्ता राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापासून दिल्लीपर्यंत जातो. माझ्या वयात मी तो धरणार नाही. पण खोल्या वर काजूत बांधल्या तर रेषेशी भांडायची वेळच येत नाही, हे या नकाशानं दाखवलं. आणि चढावर असल्यामुळे तिथूनही खाडी दिसते. खिडकी जरा मोठी काढावी लागेल, इतकंच.

घराचंही एक कलम टिपणात सापडलं. सीआरझेड तीनमध्ये, म्हणजे ग्रामीण किनाऱ्याच्या पट्ट्यात, स्थानिक लोकांना राहत्या घरात होमस्टे चालवता येतो, फक्त घराचा जोता, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. आमच्या चौसोपी घराचा दर्शनी भाग बदलायचा विचार सासूबाईंच्या हयातीत कोणी बोलून दाखवला नसता, त्यामुळे ही अट आम्हाला जड नाही. माजघराशेजारच्या दोन खोल्या आधी सुरू करायच्या असं ठरलं.

आता तक्रारी. पहिली, वेळ. पावसाळ्यात रोव्हर झाडाखाली नीट चालत नाही, हे मान्य. पण फोन तरी उचलावा. काम अडलंय एवढं सांगायला किती वेळ लागतो? दुसरी, टिपण अर्धं इंग्रजीत. कायद्याची कलमं इंग्रजीत ठेवली तर समजू शकते, पण "आमचा निष्कर्ष" हे पानही इंग्रजीत? ते भाऊजींना वाचून दाखवताना मलाच भाषांतर करावं लागलं, आणि सामायिक जमिनीत एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं म्हटलं की संशयाला जागा राहते. मी परत पाठवलं, त्यांनी मराठी करून दिलं, जास्तीचे पैसे न घेता. तिसरी, छापील प्रतीतला हिरवा आणि निळसर हिरवा इतका सारखा की दिव्याच्या उजेडात फरक कळत नाही. मोबाईलवरची फाइल मात्र झकास. गुगल अर्थवर उघडली की आपण बांधावरून चालत जातो तसं टिंब पुढे सरकतं आणि आपण कुठल्या रंगात उभे आहोत ते कळतं. भाऊजींना त्याचा इतका नाद लागला की आता पाहुणे आले की आधी चहा नाही, आधी रेषा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे लोकांची फसगत होते. असा खासगी नकाशा तुमच्या माहितीसाठी असतो. प्राधिकरणाकडे सीआरझेड मंजुरीसाठी अर्ज करायचा असेल तर केंद्रानं अधिकृत केलेल्या संस्थेकडूनच १:४,००० मापाचा नकाशा करून घ्यावा लागतो, जशी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली सुदूर संवेदन संस्था. तो खर्च वेगळा, तो वेळ वेगळा. आमच्या मंडळींनी हे टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. आणखी एका ऑफिसात आम्ही चौकशी केली होती, तिथले साहेब "आमचा नकाशा सगळीकडे चालतो" म्हणाले. तिथून मी चहा न पिता उठले. स्वतःच्या राहत्या घरासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतचं बांधकाम असेल तर २०१९ च्या नियमाप्रमाणे स्थानिक नियोजन प्राधिकरणच सीआरझेडचे नियम तपासून परवानगी देऊ शकतं. पण त्यात पर्यटकांच्या खोल्या "राहतं घर" म्हणून बसवायचा उद्योग करू नका. पुतण्याला मी हे दोनदा सांगितलं आहे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडेही रेषाच. तिकडे १९८२ पासून एक कायदा आहे, समुद्राआडच्या वाळूच्या पट्ट्यांसाठी. बांधायला बंदी नाही, बांधा खुशाल. पण नकाशातल्या हद्दीत बांधलंत तर केंद्र सरकारचा पूरविमा मिळणार नाही, आणि रस्ता-पूल-पाण्यासाठी केंद्राचा पैसाही बहुतेक नाही. आणि नकाशाची हद्द हलवायची तर एरवी अमेरिकी काँग्रेसला कायदाच करावा लागतो. २०२४ च्या नोव्हेंबरात असा कायदा होऊन न्यू जर्सीसकट बऱ्याच राज्यांचे नकाशे एकदम बदलले. आपल्याकडे संसदेनं कायदा केला तो १९८६ चा. न्यायालयानं १९९६ मध्ये पुसली ती सोडली तर त्यानंतरची प्रत्येक रेषा मंत्रालयाच्या अधिसूचनेनं आखली किंवा पुसली. मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी ६० दिवस असतात, आणि आमच्या वाडीला त्याची खबर लागते ती तिसऱ्या वर्षी, कोणाचं तरी काम अडल्यावर. अमेरिकेचंच बरं असं मी म्हणत नाही. कायदा करायला तिकडेही वर्षानुवर्षं लागतात, आणि पैसेवाले तिकडेही आपला तुकडा हद्दीबाहेर काढायला बघतात. पण रेषा हलवणाऱ्याला निदान सभागृहात उभं राहून ती हलवावी लागते, हे मला पटलं.

मग ही सेवा कोणी घ्यावी? खाडीकाठी खाजण आणि जुना बांध असेल तर जरूर घ्या, आणि बांध १९९१ च्या आधीचा असल्याचा पुरावा आधीच गोळा करून ठेवा. आमच्याकडे तो सापडला पीकपाहणीत. १९८० च्या दशकातल्या सातबाऱ्यांवर त्या खाजणात वर्षानुवर्षं भात लागलेलं आहे, आणि बांध नसता तर खाऱ्या पाण्यात भात कोण लावेल? जुने सातबारे अभिलेखातून काढून घ्यायचा हा सल्ला त्यांचाच, फीमध्ये धरलेला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर बांध दिसतो का तेही त्यांनी पाहून दिलं.

ज्यांची जमीन भर समुद्रकाठी, वाळूला लागून आहे, त्यांना एवढ्या बारकाव्याचा उपयोग कमी. तिथे २०० मीटर हे पडवीच्या सात-आठ मीटरनी बदलत नाही. टेप धरा आणि पाऊण गाव चालून या. आणि ज्यांना कोणीतरी रेषा "मॅनेज" करून हवी आहे त्यांनी या मुलांकडे जाऊ नये, त्यांचा वेळ फुकट जाईल.

पैसे देताना निम्मे आधी, निम्मे नकाशा हातात आल्यावर, असं लेखी ठरवा. फाइल कुठल्या स्वरूपात देणार, निष्कर्ष मराठीत देणार का, आणि दोन्ही भरतीरेषा दाखवणार का, हे आधी विचारा. दुसरी रेषा दाखवायला काही ऑफिसं नकार देतात, कारण मंजूर आराखड्यापेक्षा वेगळं काही कागदावर उमटवायला ती घाबरतात. ती दुसरी रेषा नसती तर आमच्या १८,००० ची किंमत निम्मी झाली असती.

मी एकूण चार तारे देते. एक तारा फोन न उचलल्याबद्दल कापला.

नकाशाची एक प्रत आता भाऊजींनी खारभूमी विभागाकडे बांधदुरुस्तीसाठी केलेल्या अर्जाला जोडली आहे. कांदळवनाला धक्का न लावता उरलेल्या खाजणाचं काय करता येईल, असं त्यात विचारलं आहे. त्याचं उत्तर आलं की लिहीन. काजूतल्या जागेची बिनशेतीची कागदपत्रं पुतण्यानं दिली आहेत, आणि त्या अर्जालाही हाच नकाशा, मराठी निष्कर्षाच्या पानासकट.